बालीला जायचंय? आधी तिथलं पंचांग बघा, मग तिकीट काढा

बालीचा बेत ठरला की आपल्याकडे पहिलं काम असतं स्वस्त तिकीट शोधण्याचं. माझं सांगणं असं, की तिकिटाची साइट उघडण्याआधी बालीचं पंचांग उघडा. चाळीस लाखांहून जास्त वस्तीच्या या बेटावर बहुसंख्य लोक हिंदू आहेत आणि त्यांचा दिवस नैवेद्याने सुरू होतो. तुम्ही कोणत्या तारखेला उतरता, त्यावर तुम्हाला कोणती बाली दिसणार ते ठरतं. एखाद्या आठवड्यात गावागावांतून वाजतगाजत मिरवणुका निघालेल्या असतात, तर वर्षातल्या एका दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो. समुद्रकिनारे बाराही महिने तिथेच आहेत. सणांचं तसं नाही.

पायरी १: तारखा ठरवा

बालीत दोन कालगणना एकाच वेळी चालतात. एक शक संवत्सराची. हा शक आपलाच, इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा. त्याचं नवं वर्ष म्हणजे न्येपी. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होती आणि पाडवा ३० ला. दर वर्षी मात्र असं जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला येऊन गेली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला आला, कारण अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी धरला जात नाही. म्हणून पाडव्यावरून अंदाज बांधू नका, त्या वर्षाची न्येपीची तारीख वेगळी बघा.

ही तारीख इतकी महत्त्वाची, कारण न्येपीला पहाटे सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट थांबतं. विमान उतरत नाही, उडत नाही. दुकानं बंद, रस्ते रिकामे. २०१८ पासून त्या दिवशी मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. अग्नी आणि दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, अशी चार व्रतं असतात. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं, रात्री खिडकीतून उजेड बाहेर जाणार नाही हे बघावं लागतं. पेचालांग म्हणजे गावचे पारंपरिक रखवालदार रस्त्यावर फिरत असतात आणि बाहेर दिसलेल्याला आत पाठवतात. वैद्यकीय अडचणीला सूट असते. चार-पाच दिवसांच्या धावत्या सहलीत हा दिवस मध्ये आला तर बेत कोलमडतो.

पण तुमच्या हातात आठवडाभर असेल तर मी म्हणेन, मुद्दाम न्येपीलाच जा. चार-पाच दिवस आधी पोचा. त्या दिवसांत मेलास्ती होते. गावंच्या गावं पांढऱ्या कपड्यांत, देवळातल्या पवित्र वस्तू डोक्यावर घेऊन समुद्राकडे किंवा तळ्याकडे निघतात. आदल्या संध्याकाळी ओगो-ओगो, म्हणजे बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर घेऊन तरुण पोरं चौकाचौकात नाचवतात, गोल गोल फिरवतात. आणि मग ती शांतता. त्या रात्री आकाश निरभ्र असलं तर ताऱ्यांनी भरलेलं दिसतं, कारण बेटावर एक दिवा पेटलेला नसतो. इतकी माणसं मिळून एक दिवस गप्प बसतात, हे स्वतः अनुभवण्यासारखं आहे.

दुसरी कालगणना पावुकोन. तिचं वर्ष २१० दिवसांचं, सात दिवसांचा एक असे तीस आठवडे. चंद्राशी तिचा संबंध नाही. गालुंगान हा मोठा सण याच हिशेबाने येतो, त्यामुळे एका इंग्रजी वर्षात तो कधी दोनदाही येतो. १७ जून २०२६, मग १३ जानेवारी २०२७, मग ११ ऑगस्ट २०२७. पुढची तारीख हवी असेल तर २१० दिवस मिळवा, झालं. गालुंगाननंतर दहाव्या दिवशी कुनिंगान. पूर्वज या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा आहे. घरोघरी दारापुढे पेंजोर उभे राहतात. टोकाला वाकलेला उंच बांबू, त्याला माडाच्या कोवळ्या झावळ्यांची नक्षी, भाताच्या लोंब्या, फळं. आपल्या माणसाला तो बघताच गुढी आठवते. दोन्ही बाजूंनी पेंजोर वाकलेल्या गल्लीतून सकाळी चालणं हे एकच कारण गालुंगानच्या तारखा पकडायला पुरेसं आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. गालुंगानच्या दिवशी ड्रायव्हर मिळणं कठीण, कारण तोही आपल्या गावच्या देवळात असतो. दुसऱ्या दिवशी लोक कुटुंबासह फिरायला निघतात, म्हणून प्रसिद्ध ठिकाणी गर्दी उसळते. हे दोन दिवस लांबच्या फेऱ्या ठेवू नका, राहत्या गावातच पायी फिरा. कुनिंगानची पूजा दुपारी बाराच्या आत उरकतात, त्यामुळे बघायची तर सकाळीच.

सरस्वतीचा दिवसही याच चक्रात येतो, चक्राच्या अगदी शेवटच्या शनिवारी. २०२६ मध्ये ४ एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर. त्या दिवशी घरातली, शाळेतली पुस्तकं मांडून पूजा करतात आणि पूजा होईपर्यंत लिहिणं-वाचणं टाळतात. दसऱ्याला पाटीपूजन केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

काही अपेक्षा मात्र घरीच ठेवून जा. बालीच्या परंपरेत आपल्यासारखी दिवाळी नाही, गणेशोत्सव नाही. शिवरात्र आहे, पण ती बहुधा जानेवारीत, आपल्या महाशिवरात्रीच्या साधारण महिनाभर आधी. पौर्णिमा आणि अमावास्या मात्र दर महिन्याला पाळतात. घरातल्या कालनिर्णयमध्ये पौर्णिमा बघून ठेवलीत तर एखाद्या दिवसाच्या फरकाने ती तिथेही जुळते आणि संध्याकाळी देवळं भरलेली दिसतात.

यातलं काहीच जुळत नसेल तरी निराश होऊ नका. प्रत्येक देवळाचा स्वतःचा वर्धापन सोहळा असतो, त्याला ओडालान म्हणतात. पुष्कळ देवळांत तो दर २१० दिवसांनी येतो, आणि बेटावर देवळं हजारो. त्यामुळे जवळपास कुठे ना कुठे ओडालान चालूच असतं. मुक्कामाच्या जागी पोचलात की पहिला प्रश्न हाच विचारा, "या आठवड्यात कुठे ओडालान आहे का?" घरमालक बहुतेक वेळा स्वतःच घेऊन जातो.

हवामानाचं थोडक्यात: एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, नोव्हेंबर ते मार्च पावसाचं. जुलै-ऑगस्ट आणि नाताळात गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. मे, जून आणि सप्टेंबर मला सर्वांत सोयीचे वाटतात.

पायरी २: कागदपत्रं

पासपोर्ट उतरण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट हवं. भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो किंवा आधी ऑनलाइन काढता येतो. शुल्क ५ लाख रुपिया, म्हणजे इंडोनेशियाच्या चलनात. हा आकडा बघून दचकू नका, एक लाख रुपिया म्हणजे साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. हा व्हिसा आणखी ३० दिवसांसाठी एकदा वाढवता येतो. ऑनलाइन काढायचा तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट आयडी' असलेल्या सरकारी साइटवरच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स वरचे पैसे लावतात.

याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना बालीचा वेगळा दीड लाख रुपियांचा कर आहे. तो 'लव्ह बाली' नावाच्या सरकारी साइटवर किंवा ॲपवर आधीच भरा आणि आलेला क्यूआर कोड फोनमध्ये जपून ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे 'ऑल इंडोनेशिया' हा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा, फुकट असतो. शुल्क आणि नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एकदा पुन्हा तपासा.

विमानतळ देनपासारचा, न्गुराह राय. मुंबई-पुण्याहून सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकमार्गे पुष्कळ पर्याय आहेत. बालीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

पायरी ३: मुक्काम कुठे करायचा

बेट नकाशावर लहान दिसतं, पण रस्ते अरुंद आणि वाहतूक दाट. तीस-चाळीस किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात. एकाच ठिकाणी राहून सगळं बघायचा बेत केला की अर्धी सहल गाडीत जाते. मुक्काम दोन किंवा तीन ठिकाणी वाटा.

देवळं आणि कला हे कारण असेल तर पहिले तीन-चार दिवस उबुदला द्या. मात्र मुख्य रस्त्यावर राहू नका, जवळच्या एखाद्या गावातलं होमस्टे घ्या. पारंपरिक बालिनीज घराच्या आवारातच त्यांचं कुलदैवत असतं आणि सकाळी घरातली बाई चानांग सारी, म्हणजे रोजचा नैवेद्य, ठेवताना तुम्हाला बसल्या जागी दिसते. माडाच्या पानाची तळहाताएवढी परडी, त्यात दिशांप्रमाणे फुलं: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. दक्षिण ब्रह्माची, उत्तर विष्णूची. वर थोडा भात, कधी एखादं बिस्किट, एक पेटती उदबत्ती. ती बाई हाताने उदबत्तीचा धूर देवाकडे वळवते, पाणी शिंपडते आणि पुढच्या कोपऱ्याकडे जाते. दारात, दुकानाच्या पायरीवर, स्कूटरवर, सगळीकडे या परड्या असतात. चालताना खाली बघून चाला, ओलांडून जाऊ नका. चुकून पाय लागला तर थांबून हात जोडा, कुणी रागावत नाही.

त्यानंतर दोन दिवस पूर्वेला सिदेमेनला. भाताची खाचरं, समोर आगुंग पर्वत, आणि बेसाकीहचं मोठं देवस्थान तिथून जवळ. शेवटी विमानतळाच्या जवळ सानुर. तिथला किनारा शांत, लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळींना सोयीचा, आणि नुसा पेनिदा बेटाच्या बोटीही तिथूनच सुटतात. कुता-सेमिन्याक-चांगू पट्टा मी या प्रकारच्या सहलीत वगळेन.

पायरी ४: देवळात जाण्याआधी

बालीच्या देवळाला पुरा म्हणतात. बहुतेक गावांत तीन असतात, ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांच्याशी जोडलेली. देऊळ म्हणजे गाभारा आणि कळस अशी कल्पना घेऊन गेलात तर आधी गोंधळ होईल. इथे उघड्या आकाशाखाली एकामागून एक अंगणं असतात, दुभंगलेल्या दारातून आत जायचं, आणि सर्वांत आतल्या अंगणात उंच दगडी पद्मासन, बहुधा रिकामं. देव उत्सवाच्या वेळी तिथे उतरतात अशी श्रद्धा आहे. म्हणून "मूर्ती कुठे आहे?" असं विचारत फिरू नका.

पोशाखाचा नियम सर्वांना सारखा. कमरेला सारोंग, त्यावर सेलेंदांग म्हणजे कमरपट्टा. साडी किंवा सलवार-कमीज असली तरी कमरपट्टा बांधावा लागतो. मोठ्या देवळांत दोन्ही भाड्याने किंवा तिकिटातच मिळतं, पण बाजारात घासाघीस करून पहिल्याच दिवशी स्वतःचं घेऊन टाका. वाटेत अचानक ओडालान दिसलं तर आत जाता येतं.

सुतक आणि पाळी यांचे नियम तिथे कडक आहेत. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर कुणीच, आणि पाळीच्या दिवसांत स्त्रिया देवळात जात नाहीत. दाराशी तशी पाटीच असते. मार्च २०२५ मध्ये राज्यपालांनी काढलेल्या पर्यटकांच्या नियमावलीतही हे आहे. आपलं वैयक्तिक मत काहीही असो, पाहुण्याने यजमानाच्या घरी त्याचा नियम पाळावा. बेत आखतानाच घरातल्या बायकांना विचारून देवळांचे दिवस मागेपुढे करा.

सर्वांत आतलं अंगण पूजा करणाऱ्यांसाठीच असतं. आपण हिंदू आहोत, आम्हाला सोडा, असा वाद घालू नका. पूजा करायची आहे असं नम्रपणे सांगा, योग्य पोशाखात आणि नैवेद्य घेऊन, शक्यतो स्थानिक माणसाबरोबर जा. बहुतेक वेळा आनंदाने आत घेतात. पुरुष मांडी घालून, स्त्रिया गुडघ्यांवर बसतात. पाच वेळा हात जोडून कपाळाच्या वर नेतात: पहिल्यांदा रिकामे, मग सूर्यासाठी फूल घेऊन, मग देवतेसाठी, मग आशीर्वादासाठी, शेवटी पुन्हा रिकामे. त्यानंतर पेमांगकू, म्हणजे पुजारी, तीर्थ शिंपडतो. तीन वेळा ओंजळीत घेऊन प्यायचं, तीन वेळा चेहऱ्यावरून फिरवायचं. मग ओले तांदूळ कपाळावर लावायचे. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी बसू नका, पूजा करणाऱ्यांच्या पुढून जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

भेटल्यावर "ॐ स्वस्त्यस्तु" म्हणा. दुपारी बारा वाजता देवळाच्या भोंग्यातून त्रिसंध्या ऐकू आली तर कान द्या, तिचं पहिलं कडवं गायत्री मंत्राचं आहे.

पायरी ५: देवळं निवडा, गोळा करू नका

दिवसाला दोन देवळं, त्याहून जास्त नको.

तीर्ता एम्पुल (तांपाकसिरिंग) पहिलं ठेवा. दहाव्या शतकातलं, जिवंत झऱ्यावर वसलेलं. इथे मेलुकात म्हणजे शुद्धीस्नान करतात. सकाळी आठला पोचा, दहानंतर रांग लांबते. स्नानासाठी वेगळा सारोंग तिथे भाड्याने मिळतो. आधी नैवेद्य ठेवून प्रार्थना, मग गार पाण्यात उतरून डावीकडच्या धारेपासून सुरुवात. प्रत्येक धारेपुढे हात जोडायचे, चेहरा धुवायचा, डोकं धारेखाली धरायचं, मग पुढे सरकायचं. त्यातल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखीव आहेत, त्या सोडायच्या. कुठल्या ते पुढचा माणूस बघून कळेल, नाहीतर विचारा. पाण्यात फोन नेऊ नका. तिथून जवळच गुनुंग कावी, अकराव्या शतकातली, कड्यात कोरलेली उंच स्मारकं. खाली उतरायला पायऱ्या भरपूर, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून उतरावं.

बेसाकीह हे बालीचं सर्वांत मोठं देवस्थान, आगुंग या ज्वालामुखीच्या उतारावर. १९६३ च्या उद्रेकात लाव्हा अगदी जवळून गेला आणि देऊळ वाचलं. न्येपीनंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेला, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, इथे सर्व देव एकत्र उतरतात असा मोठा उत्सव असतो. तो साधला तर बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. दाराबाहेर कुणी "गाइड सक्तीचा आहे" म्हणून जादा पैसे मागू लागला तर शांतपणे अधिकृत तिकीट खिडकीवर जा.

तानाह लोत समुद्रातल्या खडकावर आणि उलुवातू कड्याच्या टोकावर. दोन्हीकडे सूर्यास्ताला गर्दी असते. उलुवातूला संध्याकाळी केचाक नृत्य होतं, रामायणाची कथा, वाद्य एकही नाही, फक्त पुरुषांच्या समूहाचा "चक चक" आवाज. हा प्रकार आजच्या रूपात १९३० च्या दशकात घडला. तिथली माकडं चष्मा आणि फोन हिसकावतात, चष्म्याला दोरी बांधा. माकडाने किंवा कुत्र्याने ओरबाडलं तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजची लस लागते.

लेंपुयांग देवळाच्या दारातला तो प्रसिद्ध, पाण्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो कॅमेऱ्याखाली आरसा धरून काढतात. त्यासाठी तासन्तास रांग असते. माझा सल्ला, ती रांग सोडा आणि ताकद असेल तर वरच्या देवळापर्यंत पायऱ्या चढा.

एक दिवस जातिलुविहच्या भातखाचरांना ठेवा. देवळांशी बांधलेली पाणीवाटपाची सुबाक पद्धत २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. पाणी आधी तळ्याच्या देवीचं, मग वाटणीने शेतकऱ्यांचं. बेदुगुलच्या तळ्यातलं उलुन दानू देऊळ त्याच देवीचं, ते वाटेत बघून होतं.

पायरी ६: खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

बालीचे हिंदू मांस खातात, गालुंगानच्या आदल्या दिवशी तर घरोघरी डुक्कर कापतात. धक्का बसू देऊ नका. शाकाहाऱ्यांसाठी तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, ताहू म्हणजे टोफू, गादो-गादो म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या, परतलेल्या भाज्या आणि भात सगळीकडे मिळतात. अडचण वेगळीच आहे, तेरासी. ही कोळंबीची वाटलेली पेस्ट चटणीत, फ्राइड राइसमध्ये, भाजीतसुद्धा असते आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एवढं पाठ करा: "साया वेजेतारियान. तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी." मांस नको, मासा नको, तेरासी नको. अंडं नको असेल तर "तान्पा तेलुर", कांदा-लसूण नको तर "तान्पा बावांग", पण हे शेवटचं जमणं कठीण, घरून खाकरे-ठेपले न्या. जेवणाबरोबर येणारे पापडासारखे क्रुपुक बहुधा कोळंबीचे असतात. उबुदमध्ये पूर्ण शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत. नळाचं पाणी पिऊ नका.

पायरी ७: पैसा आणि गाडी

नोटा बदलायच्या तर बँकेत किंवा परवानाधारक दुकानात. गल्लीत फलकावर फारच चांगला दर लावलेला असेल तर मोजणीत हातचलाखी होते. नोटा शेवटी तुमच्या हातात मोजा आणि मग दुकानदाराला परत देऊ नका. देवळाचं तिकीट साधारण ५० हजार ते दीड लाख रुपिया, शिवाय ओडालानमध्ये दानपेटीसाठी सुटे ठेवा.

स्कूटर स्वस्त मिळते, वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून, म्हणून मोह होतो. मोटरसायकलची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओमधून काढला नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. कुटुंब असेल तर दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. किती तास, पेट्रोल आणि पार्किंग धरून का, हे आधी लिहून घ्या. ॲपवरच्या गाड्या शहरात चालतात, पण काही गावांत स्थानिक चालक त्यांना प्रवासी उचलू देत नाहीत, तिथे परतीची सोय आधीच करा.

मिरवणूक रस्त्यात आली तर गाडी थांबते आणि हॉर्न वाजवायचा नसतो. कधी वीस मिनिटं जातात, कधी तास. परतीच्या दिवशी तुमच्या भागात ओडालान किंवा अंत्यविधीची मिरवणूक आहे का, हे आदल्या रात्री घरमालकाला विचारा आणि विमानतळाला नेहमीपेक्षा दोन तास आधी निघा.